घरात सगळे ठणठणीत

सरपंचांनी खिशातलं पेन काढलं, टोपण दातात धरलं आणि माझ्या टेबलावरच्या स्टॅम्प पेपरवर सही करायला वाकले. तेवढ्यात नारायणनं तो कागद खालून ओढून घेतला. पेनाची निळी रेघ टेबलाच्या काचेवर उमटली.

"सही नका करू," नारायण म्हणाला.

"आता ह्येला काय झालं?" सरपंचांनी माझ्याकडे बघितलं. "वकीलसाहेब, ह्येच्यासाठीच तर कामधंदा सोडून जालन्याला आलो आम्ही."

त्यांच्यासोबत गावचे पोलीस पाटील होते. त्यांची सही होऊनही गेली होती. इतक्या झोकात केली होती की शेवटची वेलांटी खालच्या ओळीत उतरली होती.

नारायणनं कागद माझ्यासमोर धरला. "साहेब, ह्यात ज्ञानबाला हृदयविकार होता असं लिहिलंय."

"हो."

"त्येला महारोग होता."

"हळू बोल की," सरपंच म्हणाले. "बाहेर लोकं बसलेत."

"फौजेनं मला खोटारडा ठरवून काढलं. आता तुम्ही म्हणता, खरोखरचा खोटारडा व्हय, मंग ते माफ करतील."

"मंग ऱ्हा तसाच नालायक," असं म्हणून सरपंच उठले. पोलीस पाटील मागोमाग गेले. जाताना त्यांनी चहा मात्र संपवला.

हे आधीच सांगून टाकतो. तो हृदयविकार माझ्या डोक्यातून निघाला होता. कसा निघाला, ते सांगण्यासाठीच हे लिहीत आहे.

मी जालन्याला वकिली करतो. जमिनीच्या वाटण्या आणि बांधाची भांडणं, यावर माझं घर चालतं. फौजेचं प्रकरण त्याआधी माझ्याकडे कधी आलं नव्हतं. नारायण एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला होता. लालभडक तापलेली सळई मशीनमधून बाहेर आली की ती सांडशीनं पकडून पुढं सरकवायची, हे त्याचं काम. हे काम तरण्या माणसांचं. नारायण चाळिशी ओलांडलेला. त्याच मिलच्या गेटवर गार्डची जागा निघाली होती आणि ठेकेदाराला फौजेतून आलेला माणूस हवा होता. नारायणनं आपलं डिस्चार्ज बुक नेऊन दाखवलं. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं ते वाचलं आणि दोन बोटांनी धरून परत दिलं.

डिस्चार्ज बुक म्हणजे सैनिक फौजेतून बाहेर पडताना मिळणारं लहानसं पुस्तक. किती नोकरी झाली, कोणत्या कारणानं सोडलं, वागणूक कशी होती, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. नारायणच्या पुस्तकात कारणाच्या जागी चार इंग्रजी शब्द होते. सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड. तुमच्या सेवेची आता गरज नाही. ऐकायला सभ्य आहे. फौज ओळखणाऱ्या प्रत्येकाला मात्र त्याचा अर्थ कळतो. नको असलेला माणूस. गावानं त्याचं भाषांतर एका शब्दात केलं होतं, ते सरपंचांच्या तोंडून वर आलंच आहे.

"काय पाहिजे तुम्हाला?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"ते चार शब्द बदलून पाहिजेत."

"पेन्शन?"

"तेवढी नोकरीच झाली न्हाई. न झालेल्या नोकरीचं काहून मागू? सव्वीस जानेवारीला आमच्या शाळेत माजी सैनिकांच्या खुर्च्या मांडत्यात. मी कुंपणाच्या भायेर उभा ऱ्हातो. एकजण तर फौजेत निस्ता न्हावी होता. त्यो बी खुर्चीत बसतो."

त्याला ती खुर्ची आणि गेटवरचं स्टूल हवं होतं. दोन्हींच्या आड तेच चार शब्द होते.

ते शब्द का आले, हे समजायला लाल शाई समजून घ्यावी लागते. फौजेत सैनिकाला शिक्षा झाली की ती त्याच्या कागदावर नोंदवतात. किरकोळ असेल तर काळ्या शाईनं, मोठी असेल तर लाल. लाल नोंदी चार झाल्या की नोटीस देऊन त्याला घरी पाठवता येतं. नारायणच्या चार झाल्या होत्या. चारही रजा संपल्यावर उशिरा हजर झाल्याबद्दल.

पहिल्या वेळचं असं झालं. तो रजेवर घरी आला तेव्हा त्याच्या थोरल्या भावाची, ज्ञानबाची, बोटं वाकायला लागली होती. चुलीतला निखारा हाताला चिकटला तरी त्याला कळत नव्हतं. आई म्हणत होती, वारं आहे. नारायणनं फौजेच्या दवाखान्यात असे हात बघितले होते. रात्रीतून भावाला घेऊन तो परजिल्ह्यातल्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात गेला. तिथं भरती होईपर्यंत रजा संपून गेली. परत गेल्यावर त्यानं युनिटमध्ये खरं कारण सांगितलं.

युनिटनं नियमाप्रमाणे जिल्ह्याकडे पत्र पाठवलं. अमुक सैनिकाच्या घरी खरंच कोणी आजारी आहे का, तपासून कळवा. ते पत्र फिरत फिरत ठाण्यात आलं आणि एक हवालदार गावाला निघाला. दिवस उन्हाळ्याचे. गडी साध्या कपड्यांत एसटीतून उतरला, फाट्यावरच्या हॉटेलात बसला, चहा सांगितला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "नारायणच्या घरी कसं काय? कुणी आजारी-बिजारी?"

हॉटेलातल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्याच महिन्यात नारायणच्या बहिणीची, कौसाची, सोयरीक शहागडच्या एका घराशी चालली होती. आमच्याकडे मुलगी पसंत पडली तरी मुलाकडचे लगेच होकार देत नाहीत. एखादा तिऱ्हाईत माणूस गावात पाठवतात. तो हॉटेलात बसून चहा पितो आणि नेमका हाच प्रश्न विचारतो. त्याला काय उत्तर द्यायचं, हे गावातल्या पोरासोरांनाही पाठ असतं. ज्याचं त्या घराशी हाडवैर आहे तोही तेच उत्तर देतो, कारण त्याच्याही घरात मुलगी असते.

"घरात सगळे ठणठणीत," सरपंच म्हणाले. तेव्हाही तेच सरपंच होते.

"आन् थोरला भाऊ?"

"ज्ञानबा? आवो, बैल हाय निस्ता बैल. परवा एकट्यानं गाडी भरली."

मग पाहुण्यानं पिशवीतून वही काढली आणि आपण ठाण्यातून आल्याचं सांगितलं. त्याच क्षणी सरपंचांना त्याला बाजूला घेऊन खरं सांगता आलं असतं. पण दहा माणसांसमोर बोललेला शब्द सरपंच मागे घेत नाहीत. शिवाय बाजूला घेऊन सांगितलेलं शहागडला पोचलं तर? पोलीस पाटलांनी जबाबाखाली सही केली. सगळ्यांनी मिळून एका पोरीचं लग्न वाचवलं होतं. त्या संध्याकाळी गाव स्वतःवर खूश होतं. नारायणला पोस्टकार्डही गेलं. तुझ्या घरची चौकशी करायला माणूस आल्ता, आम्ही बराबर सांगितलं, काळजी नसावी.

पोस्टकार्ड पोचलं त्याच आठवड्यात नारायण कमांडरसमोर उभा होता. उशिरा येणं एक आणि भावाच्या रोगाची खोटी गोष्ट रचणं दुसरं. लाल शाई. पुढं ज्ञानबा दवाखान्यातून पळून आला, कधी पायाची जखम चिघळली, आणि दर वेळी नारायणला उशीर झाला. आता त्यानं कारण सांगणंच सोडलं होतं. खरं कारण खोटं ठरलंच होतं. दुसरं रचायला त्याला जमत नव्हतं. "उशीर झाला साब," एवढंच म्हणायचा. माणूस मुळातच हट्टी आणि तोंडानं फटकळ. त्याचा त्याला भलताच त्रास झाला. चौथ्या नोंदीनंतर ते पुस्तक हातात पडलं.

हे सगळं ऐकून मी अर्ज लिहायला घेतला. दवाखान्यातलं ज्ञानबाचं कार्ड होतं. पण ठाण्याचा अहवाल त्याच्याविरुद्ध होता आणि त्याखाली गावाच्या प्रमुखांचे जबाब होते. तो अहवाल चुकीचा होता हे त्याच माणसांनी शपथेवर सांगितलं पाहिजे, असं मला वाटलं. शपथेवर लिहून दिलेल्या अशा कागदाला आम्ही ॲफिडेव्हिट म्हणतो. मी नारायणला घेऊन त्याच्या गावाला गेलो. अंकुशनगर ओलांडलं की थोड्याच अंतरावर आहे ते.

सरपंचांनी ओसरीवर सतरंजी टाकली. चहा आला, त्याच्यावर मलाई होती. काम ऐकल्यावर मलाई संपली.

"म्हणजे आम्ही सरकारला खोटं सांगितलं असं लिहून द्यायचं?"

"गैरसमजातून सांगितलं, असं."

"गैरसमज कसला? बराबर सांगितलं. पोरीचं लगीन झालं का न्हाई?"

"पण पोराची नोकरी गेली."

"ती फौजेनं काढली. आमचा काय संबंध? आन् कौसाच्या पोरी उद्या लग्नाला येतील. मामाला महारोग होता असं कोर्टात लागलं तर कोण करील त्यांना? तुम्ही?"

पोलीस पाटील गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "गावाची अब्रू हाय साहेब."

मी गावाच्या अब्रूला शिव्या घालत परतायला हवं होतं. पण वकिलाचं डोकं दार बंद दिसलं की खिडकी शोधतं. मी म्हणालो, "रोगाचं नाव न लिहिता नुसतं गंभीर आजार म्हटलं तर?"

"गंभीर म्हणलं की लोकं तेच समजत्यात," सरपंच म्हणाले. "नाव पाहिजे. चांगलं नाव."

"साखर?" पोलीस पाटलांनी सुचवलं.

"साखरंला कोण भेतंय? सगळ्या सरपंचांना हाय ती."

"हृदयविकार," मी म्हणालो.

सरपंचांचा चेहरा खुलला. "असं बोला की. तो मोठ्या लोकांना होतो. त्याच्यावर वाट्टंल तेवढ्या सह्या घ्या." आणि मलाईचा दुसरा चहा आला. नारायण मला ओसरीवर सोडून आपल्या घरी गेला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मी दवाखान्याचं कार्ड फाइलमधून काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. जी माणसं खऱ्यावर एक सही द्यायला तयार नव्हती ती माझ्या खोट्यावर सह्या द्यायला स्वतःच्या खर्चानं जालन्याला आली.

नारायणनं कागद ओढून घेतला त्या दिवशी मी त्याच्यावर चिडलो. ते दोघं निघून गेल्यावर विचारलं, "तुम्हाला शब्द बदलून हवेत की सत्याग्रह करायचाय? आणि खऱ्याचा एवढा पुळका आहे तर ज्ञानबा कुठं असतो आज?"

तो म्हणाला, "आखाड्यावर." आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतातला गोठा आणि खोपट. "रोग गेला त्येचा. नव्या गोळ्यांनी पार गेला. पण बोटं गेली ती गेली. गावात आणत न्हाई त्येला. आईला शब्द दिल्ता, मी जिती हाय तवर हे भायेर जाणार न्हाई म्हणून. ती मागच्या साली गेली. म्हणून तर आलो तुमच्याकडं."

"म्हणजे झाकण्यात तुम्हीही आहातच."

"हाय की. पर सरकारच्या कागदावर झाकलं न्हाई."

मला हा फरक तेव्हा हास्यास्पद वाटला. नारायण निघून गेला आणि मी फाइल कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. तिथं ठेवलेल्या फाइली सहसा परत खाली येत नाहीत.

ही खाली आली ती सरपंचांच्या कृपेनं. त्यांनी शहागडला, कौसाच्या सासरी, मुद्दाम माणसाकरवी निरोप धाडला. नारायण डोक्यानं सरकलाय, भावाला नको तो रोग होता म्हणत वकिलाकडं हिंडतोय, कुणी काही बोललं तर कान देऊ नका. ही खबरदारी त्यांनी अर्थातच कौसाच्या भल्यासाठी घेतली.

चार दिवसांनी कौसाचे सासरे माझ्याकडे आले. भानुदास आबा. हायवेवर त्यांच्या मुलाचं पंक्चरचं दुकान आहे, मागं गोदावरीकाठी थोडी जमीन. पांढरं धोतर, हातात काठी, आणि बरोबर सून. कौसा दारातच उभी राहिली.

"आमच्या सुनंच्या माहेरचा कागद हाय म्हणं तुमच्याकडं," आबा म्हणाले.

मी सवयीनं बोलून गेलो, "हो, तिच्या भावाच्या हृदयविकाराचं जरा..."

"कुणाच्या? ज्ञानबाच्या? त्येला महारोग होता की."

मी कौसाकडे बघितलं. ती खाली बघत होती.

"तुम्हाला कधी कळलं?"

"सोयरिकीच्या आधी." आबांनी काठी खुर्चीला टेकवली. "मी आमच्या मंडळीला घेऊन त्याच दवाखान्यात गेल्तो. तिच्या पायाला सुरू झाल्तं. तिथं लाईनीत ह्यो गडी, फौजेची पँट, भावाला पाठीवर घेऊन उभा. इच्यारलं, कोणतं गाव? तर खोटं गाव सांगितलं. मी बी खोटंच सांगितलं. पण त्येच्या पिशवीवर नाव आन् नंबर रंगवलेला होता. फौजेच्या पिशवीवर असतोय. वाचून घेतला. घरी येऊन तपास काढला, तर कळलं एक भईन हाय लग्नाची."

"आणि तरीही तुम्ही..."

"तरी काहून? त्याच्यासाठीच. आमची मंडळी अंथरुणाला लागणार हे दिसत होतं. म्हणलं, जो भावाला असा पाठीवर घेऊन फिरतो त्येच्या घरची पोरगी माझ्या बायकोला टाकणार न्हाई. आन् न्हाईच टाकलं हिनं. मरंपर्यंत पट्ट्या बांधल्या."

मी विचारलं, "मग चौकशीला गावात कोणता माणूस पाठवला होता?"

"कशाला पाठवू? मी सोता बघितलं होतं."

मी खुर्चीत मागे टेकलो. ज्याच्यापासून लपवण्यासाठी सगळं गाव खोटं बोललं त्याला सगळं आधीच माहीत होतं. त्यानं कोणाला पाठवलंही नव्हतं. एका माणसाची नोकरी गेली ती एका न आलेल्या पाहुण्याच्या भीतीनं.

"इतकी वर्षं बोलला का नाहीत, आबा?"

"काय बोलू? आमचं बी झाकलेलंच होतं. आन् नारायणची नोकरी ह्याच्यापायी गेली हे ठाव न्हवतं. त्येनं सांगितलं, मन लागंना म्हणून सोडून आलो. तुमच्या सरपंचाचा निरोप आला तवा मी दोन अन् दोन चार केले."

मी मिलमध्ये निरोप पाठवला. नारायण सायकलवर आला, शर्टाच्या बाह्यांना ठिणग्यांची भोकं. त्याला आबांनी सगळं पुन्हा सांगितलं. कौसा पहिल्यांदा बोलली.

"दादा, नोकरी ह्याच्यानं गेली हे मला काहून न्हाई सांगितलं?"

"तू तुझ्या सासूचं मला सांगितलंस का?"

"माहेरी सांगू नको म्हणलं होतं."

"मला बी आईनं तुझ्या सासरी कळू देऊ नको म्हणलं होतं."

आबा हसायला लागले. बाकी कोणी हसलं नाही.

आबांनी ॲफिडेव्हिट दिलं. आपण नारायणला कोणत्या दिवशी, कुठं, कशा अवस्थेत बघितलं, ते. पुराव्याला बायकोचं दवाखान्याचं कार्ड जोडलं. मी त्यांना स्पष्ट विचारलं, नातींच्या लग्नाचं काय? म्हणाले, "ज्याला हे वाचून पळायचंय त्येनं लग्नाआधी पळालेलं बरं." मी ड्रॉवरमधून ज्ञानबाचं कार्ड काढून फाइलला लावलं. ते ड्रॉवरमध्ये कसं गेलं होतं हे नारायणनं विचारलं नाही.

ज्ञानबाचंही ॲफिडेव्हिट हवं होतं. नारायण त्याला घेऊन आला. मोठा देखणा माणूस असणार एके काळी. हाताची बोटं पेरांपर्यंतच उरलेली. मी शिकलेला आहे, गोळ्यांनी रोग जातो आणि गेलेला रोग लागत नाही हे मला माहीत होतं. त्याच्या अंगठ्याचा ठसा घेण्यासाठी मी शाईचा पॅड पुढं केला आणि घरी जाताना तो पॅड कचऱ्यात टाकला. हे करताना मला सरपंचांची आठवण झाली नाही. ती नंतर झाली.

औरंगाबादला माझे एक सिनियर हायकोर्टात प्रॅक्टिस करत. मी त्यांच्याकडे फाइल नेली. त्यांनी पानं उलटली.

"इतकी वर्षं तुमचा जवान झोपला होता का? उशीर कसा समजावणार?"

"आई जिवंत होती सर. तिला शब्द दिला होता."

"कोर्टात शब्द चालत नाही. आणखी काही?"

"दुसरं काही नाही."

"मग तेच लिहा," ते म्हणाले. "खोटं कारण लिहिलं असतं तर जज्जनी दोन मिनिटांत ओळखलं असतं. रोज तेच ऐकतात ते." माझ्या हृदयविकाराबद्दल मी त्यांना काही बोललो नाही.

कोर्टानं नोकरीबद्दल काही म्हटलं नाही. सैनिकानं दिलेलं कारण नीट तपासलं गेलेलं दिसत नाही, तेव्हा नव्यानं आलेले कागद बघून त्याच्या अर्जाचा पुन्हा विचार करावा, एवढा आदेश दिला. कागद फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसात गेले. त्यांनी बरीच पत्रं लिहिली, आम्ही बरीच उत्तरं दिली. शेवटी रजिस्टर पोस्टानं नवा दाखला आला. त्या चार शब्दांच्या जागी आता लिहिलं होतं की हा सैनिक स्वतःच्या विनंतीवरून, कौटुंबिक अडचणीमुळे सेवामुक्त झाला.

मी नारायणला वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा वाचायला लावलं.

"मी इनंती कवा केली?"

"नाही केलीत. पण त्यांच्याकडे यापेक्षा बरा रकाना नाही."

"म्हणजे हे बी खोटंच."

"परत पाठवायचं का?" मी घाबरतच विचारलं. या माणसाचा मला भरवसा नव्हता.

त्यानं दाखला घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. "न्हाई. हे त्यांचं खोटं हाय. माझं न्हाई."

गेटवर पुन्हा जागा निघाली, तेव्हा ती नोकरी मिळाली. ठेकेदाराच्या सुपरवायझरनं नवा दाखला वाचला नाही. शिक्का उजेडात धरून बघितला आणि काठी दिली.

त्या सव्वीस जानेवारीला गावानं मला पाहुणा म्हणून बोलावलं. शाळेच्या मैदानात माजी सैनिकांच्या खुर्च्यांची रांग होती. तिच्यात एक खुर्ची वाढवली होती आणि शेजारी माझी. सरपंचांनी भाषण केलं. गाव पहिल्या दिवसापासून आपल्या जवानाच्या पाठीशी भक्कम उभं होतं, असं म्हणाले. सत्याचा विजय वगैरेही झाला. पोलीस पाटलांनी टाळ्यांची सुरुवात केली. मग नारायणचं नाव पुकारलं.

नारायण फाटकातून आला तो एकटा नव्हता. ज्ञानबाचा हात त्यानं धरला होता. पांढरी टोपी, नवा सदरा, वाकडी चाल. नारायणनं त्याला मैदानाच्या मधून चालवत आणलं, वाढवलेल्या खुर्चीत बसवलं, आणि आपण मागे ताठ उभा राहिला. माइकवर स्वागत करत असलेल्या सरपंचांचं वाक्य अडलं, ते परत सापडलं नाही.

ज्ञानबाच्या एका बाजूला फौजेतला न्हावी होता. त्याला अचानक पाण्याच्या पिंपाकडे काहीतरी काम आठवलं. दुसऱ्या बाजूला मी होतो. मी उठलो नाही. पण मास्तरांनी सावधान म्हटलं आणि झेंड्यासाठी सगळेच उभे राहिले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे इथं लिहायलाच हवं. राष्ट्रगीत संपलं. सगळे बसले तेव्हा ती अख्खी रांग ज्ञानबाच्या खुर्चीपासून हातभर सरकलेली होती. माझी खुर्चीही. ती मी सरकवली की माझ्या पायानं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी ती परत जागेवर ओढली. ज्ञानबा झेंड्याकडे बघत होता. त्याला याची सवय असावी.

त्यानंतर धंद्यात मी एक नियम केला. पक्षकार आला की त्याच्या शत्रूंची यादी मी घेतोच, ती सगळेच वकील घेतात. मी त्याच्या भल्यासाठी झटणाऱ्यांचीही नावं विचारतो. शत्रूंना उलटतपासणीत धरता येतं. ह्या लोकांचं तसं नसतं. त्यांनी नुकसान केलेलं असतं आणि वर आभारही घेतलेले असतात. अशा लोकांच्या यादीत आपल्या वकिलाचंही नाव लिहायला हरकत नाही, असं मी पक्षकाराला सांगत नाही.